मुंबईची मोकळी दुपार

आमच्याकडे मुंबईला जाण्याची कारणं ठरलेली आहेत. मोठा दवाखाना, हज-उमऱ्याला निघालेल्यांना निरोप, एखादं लग्न, नाहीतर मंत्रालयात अडकलेलं काम. काम झालं की रात्रीची गाडी पकडायची, पहाटे भुसावळला उतरायचं आणि फैजपूर गाठायचं. मुंबईत एक दिवस जास्त राहणं म्हणजे एका दिवसाचा जास्त खर्च, हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो होतो. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अब्बांच्या, हृदयाची तपासणी होती. सोबत माझे पती, मी आणि अकरावी सायन्सला असलेली माझी मुलगी. सकाळी तपासण्या आटोपल्या, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. अब्बा नातेवाइकांच्या घरी आडवे झाले, त्यांच्याजवळ त्यांचा मुलगा थांबला. दुपार मोकळी होती. मी म्हटलं, मोहम्मद अली रोडला जाऊन कापड बघून येऊ. मुलगी म्हणाली, "अम्मी, कापड तर सावद्यालाही मिळतं. मला म्युझियम बघायचं आहे."

मी कुरकुरतच तिच्याबरोबर गेले. पण त्या एका दुपारने आमच्या घरात बरंच काही बदललं, म्हणून ती हकीकत सांगते आहे.

दारात अडखळलेले पाय

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला जुनी माणसं आजही 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम' म्हणतात. त्याची पायाभरणी १९०५ साली झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात इमारत लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि १९२२ साली ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली. बांधणारा वास्तुविशारद इंग्रज होता, जॉर्ज विटेट. पण वरचा घुमट पाहिला की आपल्याला विजापूरचा गोलघुमट आठवतो, कारण तो नमुना डोळ्यांसमोर ठेवूनच तो बांधला गेला.

खरं सांगते, फाटकाशी माझे पाय अडखळले. अंगावर बुरखा, हातात दवाखान्याची पिशवी, तीत अब्बांच्या एक्स-रेचा लिफाफा. आपल्यासारख्यांचं इथे काय काम, असं वाटून गेलं. प्रत्यक्षात कुणी काही विचारलं नाही. तिकीट काढलं, पिशवी तपासून घेतली आणि आत गेलो. ती भीती फक्त माझ्या मनात होती. पण अशा भीतीमुळे किती आया दारातूनच परत फिरत असतील, हा विचार तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही.

आत अकबर बादशहाचं चिलखत आणि ढाल आहे. इतिहासाच्या पुस्तकात ज्याच्यावर दोन ओळी असतात, त्याच्या अंगावरचं लोखंड समोर पाहिलं की तो माणूस खरोखर होऊन गेला, हे पटतं. लघुचित्रं आहेत, नाणी आहेत, सिंधू संस्कृतीच्या वस्तू आहेत. मुलगी मात्र पक्ष्यांच्या दालनात जाऊन थांबली ती हलेनाच. खंड्या, भारद्वाज, वेडा राघू, नीलपंख. ती काचेजवळ तोंड नेऊन पुटपुटत होती, "हा आपल्या पाटावर बसतो. हा केळीच्या बागेत दिसतो. याचं नाव हे आहे होय!"

सोळा वर्षं जे पक्षी ती रोज बघत होती, त्यांची नावं तिला घरापासून साडेचारशे किलोमीटरवर कळली.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसून आम्ही डब्यातली पोळी खाल्ली. तेव्हा ती म्हणाली, "अम्मी, मुंबईची मुलं इथे केव्हाही येऊ शकतात ना? आणि परीक्षेचा पेपर मात्र त्यांना आणि आम्हाला एकच."

मी शिक्षिका आहे. वर्गात मुलांच्या हजार प्रश्नांची उत्तरं देते. याचं उत्तर मला देता आलं नाही.

एक चिमणी आणि उघडलेले कप्पे

त्याच दालनाशी जोडलेली एक गोष्ट मला नंतर वाचनात सापडली. ती प्रत्येक मुस्लिम घरात सांगितली जावी असं मला वाटतं.

मुंबईच्या खेतवाडीत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एक मुलगा जन्मला. भावंडांत सगळ्यांत धाकटा. अगदी लहान असतानाच आई-वडिलांचं छत्र हरपलं आणि मामा अमिरुद्दीन तैयबजी यांच्या घरी तो वाढला. अभ्यासात फार चमकणारा नव्हता. १९०८ च्या सुमारास त्याने खेळण्यातल्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग कोणती? मामांनाही सांगता आलं नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात पाठवलं.

१८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव तेव्हा डब्ल्यू. एस. मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी चिमणी ओळखून दिली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. संग्रहाचे कप्पे एकेक करून उघडले आणि पेंढा भरून जपून ठेवलेले पक्षी त्या मुलाला दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. पक्षी टिकवून कसे ठेवतात, हे शिकण्याची सोय केली.

तो मुलगा म्हणजे पुढे जगभर ओळखले गेलेले पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी त्या चिमणीला जागा दिली.

मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. सालिम अलींची रूढ अर्थाने पदवी पूर्ण झाली नव्हती, आणि त्यामुळे सरकारी खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांच्या हातून गेली. मग १९२६ साली त्यांना काम मिळालं ते याच म्युझियमच्या निसर्ग विभागात, 'गाइड लेक्चरर' म्हणून. म्हणजे येणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि लोकांना दालनातून फिरवत समजावून सांगायचं. पुढे तिथूनच रजा काढून ते जर्मनीला शिकायला गेले. ज्या माणसाला शहरातल्या एका संस्थेने कप्पे उघडून दाखवले, तोच पुढे दुसऱ्या संस्थेत उभा राहून इतरांना दाखवू लागला.

आता विचार करा. मामांना चिमणी ओळखता आली नाही. शाळेत तो विषय नव्हता. शहरात ती एक खोली नसती, तर? आणि खोली असूनही मामांनी "जा, अभ्यास कर, चिमण्यांचं काय घेऊन बसलास" असं म्हणून त्याला हाकललं असतं, तर?

एका रस्त्यावरचे वर्ग

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन आम्ही परतलो. अल्लाहच्या कृपेने फार काळजीचं काही नव्हतं. घरी आल्यावर मी मुंबईचा नकाशा काढून बसले. तेव्हा लक्षात आलं की आपण ज्या स्टेशनात उतरतो, तिथून त्या म्युझियमपर्यंतचा दोन-अडीच किलोमीटरचा रस्ता म्हणजे एक भलंमोठं विद्यापीठच आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच अंजुमन-ए-इस्लामची इमारत आहे. बद्रुद्दीन तैयबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली ही संस्था सुरू केली. तिचं करिमी ग्रंथालय उर्दू, फारसी, अरबी पुस्तकांसाठी नावाजलेलं आहे. तिथून फोर्टकडे निघालं की हॉर्निमन सर्कलला पांढऱ्या खांबांचा टाउन हॉल लागतो. तो १८३३ साली पूर्ण झाला. एशियाटिक सोसायटी त्याहून जुनी, १८०४ ची. तिच्या वाचनालयात हस्तलिखितं आणि दुर्मिळ ग्रंथ जपलेले आहेत. थोडं पुढे मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि त्याखालचं ग्रंथालय. मग काळा घोडा: डेव्हिड ससून ग्रंथालय, १९५२ पासून चालू असलेली जहांगीर आर्ट गॅलरी, १९९६ साली उघडलेलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, आणि तिथेच जवळ नॅचरल हिस्टरी सोसायटीचं आजचं कार्यालय. जहांगीरमध्ये चित्रं बघायला तिकीट लागत नाही, हे किती जणांना माहीत आहे?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत १८७२ साली उघडलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. जुनी मुंबई कशी वसली, तिथले कारागीर काय काय घडवत होते, हे तिथे दिसतं. वरळीला १९७७ पासून तारांगण आणि १९८५ पासून नेहरू विज्ञान केंद्र आहे. विज्ञान केंद्रात तर वस्तू हाताने चालवून बघायची मुभा असते. जो नियम फळ्यावर समजत नाही, तो दोरी ओढली, चाक फिरवलं की समजतो.

आपण शाळेचं आवार म्हणजे कंपाउंडची भिंत असं समजतो. मोठ्या शहरातल्या चांगल्या महाविद्यालयांमध्ये तसं नसतं. तिथला कलेचा विद्यार्थी दुपारी गॅलरीत असतो, इतिहासाचा एशियाटिकमध्ये, प्राणिशास्त्राचा म्युझियममध्ये. त्यांच्यासाठी अख्खं शहर हेच आवार असतं. चित्रकार सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातले, वडील जंगलखात्यात नोकरीला. नागपूरला शिकून ते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आले. पण केवळ वर्गखोलीने रझा घडले नाहीत. मुंबईतली प्रदर्शनं, चित्रकार मित्र आणि त्यांच्याशी रंगलेल्या चर्चा, हेही त्यांचं शिक्षणच होतं.

आणि आपल्याला तर ही कल्पना नवीन वाटायला नको. इल्मसाठी गाव सोडून शहराशहरांतून फिरणं ही आपली जुनी परंपरा आहे. इमाम बुखारी (रह.) वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास आई आणि भावाबरोबर हजला गेले. हज झाल्यावर ते दोघे परतले, आणि हे शिकण्यासाठी तिथेच थांबले. पुढे बगदाद, बसरा, कूफा अशी शहरं पालथी घातली. मला त्या आईचं फार कौतुक वाटतं. तिने मुलाला सोबत नेलं आणि वेळ आली तेव्हा मागे ठेवलंही.

"केळीला भाव नाही आणि तुम्हाला मुंबई?"

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जायचं, या वेळी फक्त बघायला जायचं, असं मी घरात काढलं. अपेक्षेप्रमाणे वादळ झालं. पती म्हणाले, "केळीला भाव नाही आणि तुम्हाला मुंबई सुचते?" सासूबाई म्हणाल्या, "मुलीची जात. बारावीचं वर्ष. एवढं फिरवून करायचंय काय?" नणंदेने फोनवर सांगितलं, तेवढ्या पैशात एखाद्या विषयाचा क्लास लागला असता.

यातलं काहीच खोटं नव्हतं. पैसा खरोखर कमी होता, काळजीही खरी होती. म्हणून भांडण्याऐवजी मी हिशेब मांडला. मोहल्ल्यातल्या आणखी तीन घरांशी बोलले. चार आया, सहा मुलं-मुली, सोबतीला एका घरातले काका. रात्रीच्या गाडीने जायचं, दोन दिवस राहायचं, रात्रीच्या गाडीने यायचं. राहायची सोय नातेवाइकांकडे वाटून घेतली. सकाळचं खाणं घरून. आया बरोबर आहेत म्हटल्यावर सासूबाईंचा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा अब्बांनी मिटवला. पेन्शनमधून काही पैसे काढून नातीच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "माझ्या दवाखान्यासाठी एवढा खर्च झाला. तिच्या डोक्यासाठी थोडा होऊ दे."

त्या प्रवासातून आम्ही जे शिकलो, ते इथे सांगते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

एका दिवसात दोनच ठिकाणं घ्या. आम्ही पहिल्या दिवशी चार ठरवली होती, तिसऱ्या ठिकाणी मुलं जमिनीवर बसली. संपूर्ण म्युझियम बघायचा हट्ट सोडा. एक दालन नीट बघा.

आधी फोन करा किंवा पत्र पाठवा. काही ठिकाणं सोमवारी बंद असतात, काही बुधवारी. शाळेच्या लेटरहेडवर महिनाभर आधी लिहिलं, तर बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांना सवलत मिळते, कधी समजावून सांगणारी व्यक्तीही मिळते. मुलांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. एका वाचनालयात आम्हाला सभासद नसल्यामुळे आत बसू दिलं नाही. चूक आमचीच होती, आधी विचारलं नव्हतं.

प्रत्येक मुलाच्या हातात एक वही द्या. नियम एकच: एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर दहा मिनिटं उभं राहायचं, तिचं चित्र काढायचं आणि तिच्याबद्दल तीन प्रश्न लिहायचे. उत्तरं तिथे शोधायची नाहीत, घरी येऊन शोधायची. आमच्यातल्या एका आठवीच्या मुलाने नाण्यासमोर प्रश्न लिहिला होता, "या पैशात तेव्हा काय मिळायचं?" त्या एका प्रश्नावर तो आणि त्याचे शिक्षक महिनाभर गुंतले होते.

आणि नमाजची, जेवणाची वेळ आधीच आखून घ्या. भुकेलेली मुलं काही शिकत नाहीत, आणि घाईतल्या आया तर मुळीच नाहीत.

फैजपूरलाही एकदा शहर आलं होतं

मुंबई दूर आहे, हे खरंच. पण त्या प्रवासानंतर आम्ही आमच्या भोवतीही वेगळ्या नजरेने बघू लागलो.

फैजपूरहून रावेरमार्गे तास-दीड तासावर बऱ्हाणपूर. तिथल्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबीबरोबर संस्कृतमध्येही शिलालेख कोरून घेतला आहे. ही मशीद सोळाव्या शतकाच्या अखेरची. शहराबाहेरचा कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी मोगलकालीन व्यवस्था, हा तर भूगोल आणि अभियांत्रिकी दोन्हींचा धडा आहे. तापीच्या खोऱ्यात पाण्याची पातळी खाली खाली चालली आहे, हे रोज ऐकणाऱ्या आमच्या मुलांना तो धडा लगेच कळला. दुसऱ्या बाजूला अजिंठा. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं १९२६ साली निधन झालं, आणि १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली कागदपत्रं तिथे जपलेली आहेत. जळगावला २०१२ पासून गांधीतीर्थ आहे.

आणि खुद्द फैजपूर? १९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते. मंडप आणि प्रदर्शनाची सजावट करायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं होतं. महागडं सामान नको, आसपास मिळेल त्यातून करायचं, अशी अट होती. बांबू आणि गावातल्या साध्या वस्तूंतून त्यांनी ते उभं केलं. देशातला एक मोठा कलावंत आपल्या गल्लीतल्या बांबूला कला बनवून गेला, आणि आमच्या शाळेतल्या कित्येक मुलांना ते ठाऊक नव्हतं. मी शिक्षिका असून मलाही तारखेपलीकडे काही माहीत नव्हतं. म्हणजे दोष फक्त अंतराचा नव्हता.

आता आमच्या शाळेत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी 'वहीचा दिवस' असतो. मुलं एखादी जुनी वस्तू घरून आणतात: आजीचा पानदान, पणजोबांचं शेतसाऱ्याचं कागद, अडकित्ता, जुनं नाणं. तिच्यासमोर दहा मिनिटं, एक चित्र, तीन प्रश्न. म्युझियम असंही सुरू होतं.

माझी मुलगी आज बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय प्राणिशास्त्र. पुढे काय होईल, ते अल्लाहला माहीत. घरात तिच्या लग्नाचा विषय अधूनमधून निघतो, आणि तिची वही पाहिली की थोडा वेळ मागे पडतो. त्या वहीत केळीच्या बागेतल्या आणि पाटावरच्या त्रेचाळीस पक्ष्यांच्या नोंदी आहेत, तारीख-वेळेसकट. गेल्या हिवाळ्यात ओळखता न आलेल्या एका पक्ष्याचं वर्णन तिने मुंबईच्या तज्ज्ञांना लिहून पाठवलं. उत्तर आलं. मामांची चिठ्ठी घेऊन निघालेल्या त्या मुलाची मला आठवण झाली.

पुढच्या महिन्यात अब्बांची पुन्हा तपासणीची तारीख आहे. काल संध्याकाळी औषधाची गोळी घेता घेता त्यांनी नातीला हाक मारली आणि विचारलं, "यंदा दुपारी कुठे जायचं ठरवलं आहेस? मलाही ने. मी खुर्चीत बसून राहीन, तू मला येऊन सांग."